कोंबडा की तलंग? चौकटवाल्या पनेटची गोष्ट

दोस्तांनो, बारावीची जीवशास्त्राची वही माळ्यावर टाकली असेल तर जरा खाली काढा. आनुवंशिकतेच्या धड्यात एक चौकट सापडेल. एका बाजूला बापाकडून येणारी जनुकं, दुसऱ्या बाजूला आईकडून येणारी आणि आतल्या खणांमध्ये होणारी संतती. पनेट स्क्वेअर! आपण तो पाठ केला, पेपरात काढला, गुण घेतले आणि विसरून गेलो. पण हा पनेट कोण होता, असं कधी वाटलं का हो तुम्हाला?

सांगितलं तर हसाल. हा पनेट केंब्रिजचा प्राध्यापक होता आणि त्याच्या आयुष्यातली कितीतरी वर्षं कोंबड्यांच्या मागे गेली. जळगाव जामोदपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत कुठल्याही गावात ज्या घरी कोंबड्या आहेत, तिथे दरवेळी जो प्रश्न पडतो, तोच प्रश्न त्याने आयुष्यभर धरून ठेवला. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली, एकवीस दिवसांनी बारा पिल्लं निघाली. आता यातले कोंबडे किती आणि कोंबड्या किती?

प्रश्न साधा वाटतो, पण घरच्या बाईसाठी तो पैशांचा आहे. कोंबडी राहिली तर अंडी देणार, पुढे पिल्लं काढणार. कोंबडा एखादा पुरतो, बाकीचे बाजारात जाणार. कणी, ज्वारी घालायची, मांजर, मुंगूस आणि घारीपासून सांभाळायचं, रात्री डालग्याखाली झाकायचं, आणि हे सगळं कोणासाठी करतोय ते दीड-दोन महिने कळतच नाही. मग हळूहळू एखाद्याचा तुरा लवकर लाल होतो, पाय जाड दिसायला लागतात, चाल ऐटबाज होते. तीनेक महिन्यांनी शेपटीच्या अलीकडे, पाठीवर लांब टोकदार पिसं लोंबायला लागली की तो कोंबडा. ती पिसं गोल टोकाचीच राहिली की ती तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. मधल्या काळात सगळा अंदाजाचा कारभार. कोणी म्हणतं टोकदार अंड्यातून नर निघतो, कोणी पिल्लू पायाला धरून उलटं टांगतं आणि ते कसं फडफडतं यावरून ठरवतं. दर दोन पिल्लांमागे एक अंदाज तसाही बरोबर येतोच, त्यामुळे असल्या युक्त्यांचं नाव टिकून राहतं.

पहिल्याच दिवशी, नुसतं बघून, खात्रीनं सांगता येईल का? या प्रश्नाचं एक उत्तर पनेटने दिलं. त्यासाठी त्याला महायुद्धाची वाट बघावी लागली. पण गोष्ट त्याच्या आजारपणापासून सुरू होते.

अंथरुणावरचं पोरगं

रेजिनाल्ड क्रंडॉल पनेटचा जन्म २० जून १८७५ चा, इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या टनब्रिज गावचा. लहानपणी त्याला अपेंडिक्सचा त्रास होता. पुन्हा पुन्हा पोट दुखायचं आणि पोरगं अंथरुणाला खिळायचं. खेळायला जाता येत नाही, तर करायचं काय? घरात प्राणी-पक्ष्यांच्या माहितीची एक जुनी पुस्तकमाला होती. ती वाचून वाचून त्याला या विषयाचं वेड लागलं.

पुढे तो केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात गेला. ठरलं होतं डॉक्टर व्हायचं. तुमच्यापैकी कित्येकांचं ठरलेलं असतं तसंच. पण तिथे प्राणिशास्त्राने ओढून घेतलं आणि १८९८ मध्ये त्याने पदवी प्राणिशास्त्रात घेतली. काही काळ स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात शिकवलं, १९०१ मध्ये परत आपल्या कॉलेजचा फेलो झाला. या काळात त्याचा अभ्यास कशावर होता? समुद्रातल्या लांबलचक, फितीसारख्या किड्यांवर. म्हणजे वयाच्या पंचविशीपर्यंत त्याचा कोंबड्यांशी काही संबंध नव्हता. करिअर ठरलं नाही म्हणून ज्यांना रात्री झोप लागत नाही, त्यांनी हे वाक्य परत एकदा वाचावं.

बेटसनच्या बागेतली खुराडी

१९०० साली विज्ञानात एक गंमत झाली. ग्रेगोर मेंडेल नावाच्या धर्मगुरूने वाटाण्याच्या रोपांवर केलेलं काम चौतीस वर्षं धूळ खात पडलं होतं. ते एकाएकी पुन्हा सापडलं. गुण पिढ्यान् पिढ्या ठरावीक हिशोबाने उतरतात, असं ते काम सांगत होतं. इंग्लंडमध्ये त्याचा झेंडा हाती घेतला विल्यम बेटसनने. आज आपण ज्याला जेनेटिक्स म्हणतो, ते नावही त्यानेच दिलं.

मेंडेलचा नियम वाटाण्याला लागू आहे, पण प्राण्यांना लागू आहे का? हे तपासायला बेटसनने कोंबड्या निवडल्या. कारण उघड आहे. कोंबडी स्वस्त, जागा कमी लागते, पिल्लं भरपूर होतात आणि तुरा, पिसं, पाय यांचे प्रकार डोळ्यांनी दिसतात. केंब्रिजजवळच्या ग्रँटचेस्टरला त्याचं घर होतं आणि तिथल्या बागेत कोंबड्यांची खुराडी होती. पैशांची चणचण कायम. विद्यापीठातल्या बड्या मंडळींना हा सगळा पोरखेळ वाटायचा. काम करणाऱ्यांमध्ये एडिथ साँडर्स, फ्लॉरेन्स डरहॅम अशा स्त्रिया बऱ्याच होत्या. त्या काळी केंब्रिज स्त्रियांना पदवीही देत नव्हतं.

या घोळक्यात १९०४ च्या सुमाराला पनेट सामील झाला. समुद्रातले किडे मागे पडले आणि कोंबड्या आल्या.

कोंबड्यांच्या तुऱ्याचं उदाहरण तुम्ही शिकला असाल. एका जातीचा तुरा चपटा आणि दाणेदार, त्याला म्हणतात रोज. दुसरीचा बुटका, तीन ओळींचा, तो पी. दोघांचा संकर केला तर पिल्लांना दोन्हींपेक्षा वेगळा, अक्रोडाच्या गरासारखा सुरकुतलेला तुरा येतो, तो वॉलनट. आणि या पिल्लांचा आपसात संकर केला की चारही प्रकार निघतात. त्यात आपल्या गावठी कोंबड्यांना असतो तसा साधा दातेरी तुराही येतो. प्रमाण नऊ, तीन, तीन आणि एक. दोन वेगवेगळी जनुकं मिळून एक गुण घडवतात, हे बेटसन आणि पनेटने कोंबडीच्या डोक्यावर दाखवून दिलं.

चौकट आली आणि गणितज्ञ मित्र

१९०५ मध्ये पनेटने मेंडेलिझम नावाचं एक छोटं पुस्तक लिहिलं. मेंडेलचं काम सामान्य वाचकाला समजावून सांगणारं ते पहिलं पाठ्यपुस्तक मानलं जातं. ते भरपूर खपलं, पुन्हा पुन्हा छापलं गेलं, दुसऱ्या भाषांतही गेलं. सोळा-सोळा शक्यता लोकांच्या डोक्यात कशा उतरवायच्या, ही अडचण त्याच्यासमोर होती. त्यातून ती चौकट आली. आज जगातला प्रत्येक विद्यार्थी जी काढतो, ती मुळात समजावून सांगण्याची एक युक्ती आहे.

१९०८ मध्ये त्याच्यासमोर एक अवघड प्रश्न आला. काही लोकांची बोटं जन्मतः आखूड असतात आणि तो गुण प्रभावी असतो. मग प्रभावी गुण हळूहळू सगळ्या लोकसंख्येत का पसरत नाही? पिढ्यांमागून पिढ्या गेल्यावर सगळेच आखूड बोटांचे का होत नाहीत? पनेटला आतून वाटत होतं की असं होणार नाही, पण ते सिद्ध करता येईना. गणित त्याचं तेवढं पक्कं नव्हतं.

त्याने काय केलं? ज्याच्यासोबत तो क्रिकेट खेळायचा, त्या मित्राकडे गेला. तो मित्र होता जी. एच. हार्डी. हो, तोच हार्डी, ज्याने पुढे १९१४ मध्ये आपल्या रामानुजनला केंब्रिजला आणलं. हार्डीने थोडक्या ओळींत उत्तर काढून दिलं. जर्मनीत वाइनबर्ग नावाच्या डॉक्टरने त्याच वर्षी स्वतंत्रपणे तेच काढलं होतं. तुमच्या पुस्तकातलं हार्डी-वाइनबर्ग तत्त्व ते हेच. आपल्याला येत नाही ते मित्राला विचारायला पनेट लाजला असता, तर त्या धड्यात हार्डीचं नाव बहुधा आलं नसतं.

१९१० मध्ये बेटसन दुसऱ्या संस्थेत गेला आणि पनेट केंब्रिजमध्ये प्राध्यापक झाला. त्याच वर्षी दोघांनी जर्नल ऑफ जेनेटिक्स हे नियतकालिक सुरू केलं. १९१२ मध्ये केंब्रिजमध्ये जेनेटिक्सची खास प्राध्यापकी निर्माण झाली आणि तिच्यावर पहिला बसला तो पनेट. रॉयल सोसायटीचा फेलोही तो त्याच वर्षी झाला.

काळी कोंबडी आणि पहिला सुगावा

आता मुद्द्याकडे येऊ. नर-मादीचा सुगावा लागला कुठे?

कडकनाथ तुम्ही पाहिला असेल. झाबुआकडचा, कातडी काळी, मांस काळं, हाडांवरचं आवरणसुद्धा काळं. अशीच एक काळ्या कातडीची जात पूर्वेकडच्या देशांत आहे, तिचं नाव सिल्की. पिसं मात्र कापसासारखी मऊ. कडकनाथ आणि सिल्की या दोन्हींत काळेपणा आणणारा जनुकीय बदल एकच आहे, हे अलीकडच्या संशोधनात दिसलंय.

बेटसन आणि पनेटने सिल्कीचा संकर ब्राऊन लेगहॉर्न या उजळ कातडीच्या जातीशी केला. १९११ मध्ये त्यांनी निकाल छापला. सिल्की कोंबडी आणि लेगहॉर्न कोंबडा घेतला, तर पिल्लं सगळी उजळ. पण जोडी उलटी केली, म्हणजे कोंबडा सिल्की आणि कोंबडी लेगहॉर्न, तर नर पिल्लं उजळ आणि मादी पिल्लं काळी! जाती त्याच, फक्त आई-बापाची अदलाबदल झाली, आणि पोरं-पोरी रंगाने वेगळे झाले.

याचं कारण आज आपल्याला माहीत आहे. माणसात मूल मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, कारण आईकडे दोन एक्स आणि बापाकडे एक्स-वाय. पक्ष्यांत हे उलटं आहे. कोंबड्याकडे दोन झेड आणि कोंबडीकडे एक झेड, एक डब्ल्यू. म्हणजे पिल्लू नर की मादी ते आईकडून ठरतं.

आता नीट बघा, कारण सगळी किल्ली इथेच आहे. कोंबडी आपलं एकुलतं एक झेड कोणाला देते? फक्त मुलाला. मुलीला ती डब्ल्यू देते. मग मुलीचं झेड येतं ते बापाकडूनच. म्हणून झेडवर बसलेला एखादा ठळक, प्रभावी गुण आईकडे असेल आणि बापाकडे नसेल, तर तो गुण सगळ्या मुलांमध्ये दिसणार आणि एकाही मुलीत दिसणार नाही. मुलं आईवर, मुली बापावर. वहीत चौकट काढून पाहा, दोन मिनिटांत पटेल.

महायुद्ध आणि दाण्याचा हिशोब

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. इंग्लंडचं बरंचसं धान्य बोटीने बाहेरून यायचं आणि जर्मन पाणबुड्या बोटी बुडवत होत्या. माणसांना धान्य पुरत नाही, तिथे कोंबड्यांना कुठून घालणार? पनेट त्या वेळी सरकारच्या अन्न उत्पादनाच्या कामात मदत करत होता. त्याने हिशोब साधा मांडला. अंडी फक्त माद्या देतात. निम्मी पिल्लं नर असतात. ती ओळखू येईपर्यंत कित्येक आठवडे त्यांनाही दाणा घालावा लागतो. पहिल्याच दिवशी ओळखता आली, तर तेवढा दाणा वाचेल.

आणि ओळखायचं कसं, याचं उत्तर त्याच्या खुराड्यात आधीच तयार होतं. पिसांचे काही रंग झेडवर असतात. त्यातलं एक जोडपं सोनेरी आणि रुपेरी. रुपेरी प्रभावी. ऱ्होड आयलंड रेड या तांबड्या जातीचा कोंबडा घ्या आणि लाइट ससेक्स या पांढऱ्या जातीची कोंबडी. अंड्यातून बाहेर पडून लव सुकली, की फिकट पिवळसर पिल्लं नर आणि तांबूस पिल्लं मादी. उलटं टांगायला नको, तुऱ्याची वाट बघायला नको.

दुसरा गुण पट्ट्यांचा. प्लायमाउथ रॉकसारख्या जातीत काळ्या पिसांवर पांढरे आडवे पट्टे असतात. पट्टेवाली कोंबडी आणि बिनपट्ट्यांचा काळा किंवा तांबडा कोंबडा अशी जोडी लावली, तर पिल्लं काळ्या लवेची होतात. ज्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो ती नर, ज्यांच्या नसतो त्या मादी.

युद्ध संपलं, पण ही युक्ती राहिली. १९२३ मध्ये पनेटने कोंबड्यांच्या आनुवंशिकतेवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्याआधी १९२२ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला डार्विन पदक दिलं होतं.

केंबार

तरी एक अडचण होतीच. ही युक्ती फक्त संकरात चालते. दरवेळी दोन वेगळ्या जाती सांभाळायच्या, त्यांची जोडी लावायची. त्यातून निघालेली कोंबडी तिच्याच भावंडाबरोबर ठेवली तर पुढच्या पिढीत सगळं गडबडतं. गरीब माणसाला हे परवडत नाही. एक अशी जात हवी होती की जिची पिल्लं पिढ्यान् पिढ्या, आपसातच वाढवूनही, पहिल्या दिवशी ओळखू येतील.

पनेट आणि त्याचा सहकारी मायकेल पीज यांनी इथे पट्ट्यांचं जनुक वेगळ्या पद्धतीने वापरलं. नराकडे झेड दोन आणि मादीकडे एक. म्हणजे शुद्ध जातीत नराला पट्ट्यांच्या जनुकाचा दुप्पट डोस मिळतो आणि मादीला एकच. दुप्पट डोसाने रंग जास्त फिकट पडतो. काळ्या पिल्लावर हा फरक पटकन कळत नाही. पण पिल्लाच्या अंगावर मुळात तपकिरी नक्षी असेल तर? मग नराची नक्षी पुसट होईल आणि मादीची स्पष्ट राहील.

त्यांनी पट्टेवाल्या रॉकमधलं हे जनुक गोल्डन कॅम्पाइन या नक्षीदार जातीत आणलं. संकर करायचा, पिल्लं निवडायची, परत संकर. १९२० च्या दशकाच्या अखेरीस नवी जात उभी राहिली. केंब्रिजमधलं केंब आणि पट्ट्यांसाठी इंग्रजीत असलेला बार, म्हणून नाव केंबार. पिल्लांवरून आपोआप नर-मादी कळणारी ही जगातली पहिली जात. केंबार स्वतः फार पसरली नाही, पण पीजने त्याच तत्त्वावर पुढे लेगबार तयार केली आणि ती आजही पाळली जाते. तिच्या एका प्रकाराची अंडी निळसर हिरवी असतात. निळ्या अंड्यांच्या गुणाचा अभ्यासही पनेटने केला होता.

त्याच दशकात जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो या संशोधकांनी दुसरी वाट काढली. एक दिवसाच्या पिल्लाची विष्ठेची जागा हलकेच उघडून आतल्या बारीकशा उंचवट्यावरून नर-मादी सांगायची. १९२७ मध्ये कॅनडातल्या जागतिक परिषदेत ते काम जगासमोर आलं. त्याला वर्षांचा सराव लागतो, पण जात कोणतीही चालते. आज मोठ्या हॅचरीत ही पद्धत चालते, किंवा पंखाच्या पिसांची लांबी बघतात. पिसं लवकर की उशिरा फुटणार, हे ठरवणारं जनुकही झेडवरच असतं. म्हणजे तिथेही हिशोब पनेटचाच.

ओळखल्यावर पुढे काय?

इथे गोष्ट सोपी राहत नाही. पिल्लू नर आहे हे कळलं, मग त्याचं काय करायचं?

पनेटच्या काळी उत्तर होतं, वेगळं काढून मांसासाठी वाढवा किंवा मारून टाका. पुढे अंड्यांच्या आणि मांसाच्या जाती वेगळ्या झाल्या. अंड्यांच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि त्याला मांसही फारसं धरत नाही. त्यामुळे जगभर दरवर्षी अब्जावधी नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून यावर बंदी आणली. आता अंड्यातच लिंग ओळखायची यंत्रं तिकडे आली आहेत. आपल्याकडे जत्रेत, आठवडी बाजारात गुलाबी, हिरव्या रंगात बुडवलेली पिल्लं टोपलीत चिवचिवताना दिसतात ना? ती बहुतेक वेळा हॅचरीने नको म्हणून काढलेली ही नर पिल्लंच असतात. लहान पोरं हट्ट करून घरी नेतात आणि चार दिवसांत ती मरतात.

गावठी कोंबड्यांच्या अंगणात मात्र नर फुकट जात नाही. आखाडीला, नवसाला गावठी कोंबड्याला चांगला भाव येतो. तिथे लिंग आधी कळण्याचा उपयोग म्हणजे कोणाला ठेवायचं आणि कोणाला विकायचं याचं नियोजन. तेच ज्ञान, पण अंगण बदललं की त्याचा परिणाम बदलतो.

आणि हेच ज्ञान माणसांवर चालवायला निघाले तेव्हा काय झालं? त्या काळच्या केंब्रिजमधल्या अनेकांसारखाच पनेटही, नको असलेले गुण माणसांतून काढून टाकता येतील का, या विचाराकडे ओढला गेला होता. ती त्याची पडती बाजू आहे आणि ती झाकायचं कारण नाही. पण गंमत अशी की हिशोब त्याला गप्प बसू देईना. १९१७ मध्ये त्याने स्वतःच गणित मांडलं. एखादा अप्रभावी दोष शंभरात एकाला असेल आणि तो असलेल्या कोणालाच मुलं होऊ दिली नाहीत, तरी तो लाखात एकावर यायला आठ हजारांहून जास्त वर्षं लागतील. कारण तो गुण निरोगी दिसणाऱ्या माणसांत लपून राहतो. पुढे याच चळवळीच्या नावाने अनेक देशांत अत्याचार झाले.

आपल्या राज्याला तर वेगळं सांगायला नको. गर्भातलं मूल मुलगा की मुलगी हे बघण्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, देशाने १९९४ मध्ये. खुराड्यात मादी हवी असते आणि घरात मुलगी नको असते, हा विरोधाभास आपला आहे. जिजाऊंच्या बुलढाणा जिल्ह्यात राहणाऱ्यांनी त्यावर जरा थांबून विचार करायला हरकत नाही.

जिथे तो अडला

पनेट सगळीकडे बरोबर होता असंही नाही. गोड वाटाण्याच्या फुलांत त्याला, बेटसनला आणि साँडर्सला १९०५ च्या सुमाराला दिसलं होतं, की काही गुण जोडीनेच उतरतात. जनुकं एकाच गुणसूत्रावर शेजारी असतात, हे त्याचं कारण. पण गुणसूत्रांची कल्पना त्यांना पटायला फार वेळ लागला. तिकडे अमेरिकेत मॉर्गनने फळमाश्यांवर काम करून ती बाजी मारली. पुरावा हातात असून अर्थ निसटला.

फुलपाखरांबाबतही तसंच. १९०९ मध्ये तो श्रीलंकेला गेला होता. तुमच्या लिंबाच्या, संत्र्याच्या झाडाभोवती फिरणारं काळं फुलपाखरू, कॉमन मॉर्मन, त्याच्या अभ्यासात होतं. त्याच्या काही माद्या हुबेहूब दुसऱ्याच, पक्ष्यांना बेचव लागणाऱ्या फुलपाखरासारख्या दिसतात, नर मात्र तसे होत नाहीत. १९१५ च्या पुस्तकात त्याने मांडलं, की हा बदल एका उडीत झाला. रोनाल्ड फिशरने पुढे याला जोरदार विरोध केला. १९४० मध्ये पनेट निवृत्त झाला आणि त्याच्या खुर्चीवर १९४३ मध्ये आला तोच फिशर!

३ जानेवारी १९६७ ला, वयाच्या ९१ व्या वर्षी, पनेट इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात वारला. तोपर्यंत डीएनएची रचना सापडून चौदा वर्षं झाली होती. ज्या विषयाची सुरुवात त्याने खुराड्यात पाहिली, तो कुठे पोहोचला हे बघायला तो होता. त्याने आणि बेटसनने काढलेलं नियतकालिक तर आपल्याकडेच आलं. १९४६ पर्यंत पनेटने ते सांभाळलं, मग जे. बी. एस. हाल्डेनकडे दिलं. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात राहायला आले तेव्हा ते सोबत घेऊन आले. मधला खंड सोडला तर जर्नल ऑफ जेनेटिक्स आज बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसकडून निघतं.

आता तुमची पाळी

ज्यांच्या घरी किंवा मामाच्या गावी कोंबड्या आहेत, त्यांच्यासाठी एक काम. काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची एखादी कोंबडी आणि बिनपट्ट्यांचा काळा किंवा तांबडा कोंबडा शोधा. पांढरा कोंबडा नको, तो रंग लपवतो. दोघांना बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. पण पहिल्या दिवसापासूनची अंडी घेऊ नका. आधीच्या कोंबड्याचे शुक्राणू कोंबडीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकतात. त्यानंतरची अंडी जमवा आणि खुडूक कोंबडीखाली ठेवा.

पिल्लं निघाली, की त्याच दिवशी डोकं बघा. पांढरा ठिपका असेल तर वहीत नर लिहा, नसेल तर मादी. पायात सैल रंगीत कडी घाला आणि पाय वाढेल तशी बदला, नाहीतर रुतेल. मग तीन महिने थांबा. पाठीवरची पिसं निघाली, की जुनी पानं काढून ताळा करा. गावठी कोंबड्यांत दिसणारा प्रत्येक पट्टा हा पनेटचाच पट्टा असेल असं नाही, काहींचं जनुक वेगळं असतं. ते तुमच्या आकड्यांवरूनच कळेल. निव्वळ अंदाजाने बारापैकी बारा बरोबर यायची शक्यता ४०९६ मध्ये एक असते. त्यामुळे बाराच्या बारा जुळले, तर ते नशीब म्हणून सोडून देऊ नका. पाच-सहाच जुळले, तर ठिपक्याचा नियम तुमच्या कोंबडीला लागू नाही, एवढं लिहून ठेवा आणि दुसरी पट्टेवाली शोधा.

आणि टोकदार अंड्यावर पैज लावणारं कोणी घरी असेल, तर त्यांचाही अंदाज त्याच वहीत, शेजारच्या रकान्यात लिहून घ्या. तीन महिन्यांनी दोन्ही रकाने मोजा.